पाहुणे किती, वाचक किती?

दिवाळीला घरी पाहुणे किती आले हे मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. दारातल्या चपला मोजाव्यात आणि दोहोंनी भागावे. हिशेब सहसा चुकत नाही. पण पाहुणा ओढीने आला की रीत म्हणून, चकली त्याने आवडीने खाल्ली की भिडेखातर, आणि जिना उतरताना तो बायकोच्या कानात काय पुटपुटला, हे चपला सांगत नाहीत.

लेखकाला मात्र नेमके हेच हवे असते. आपले लिहिलेले कोणी वाचले का? शेवटपर्यंत वाचले का? वाचून त्याला काय वाटले? ज्याने चार ओळी लिहून लोकांपुढे ठेवल्या त्या प्रत्येकाला हे प्रश्न पडतात आणि ते उघड विचारण्याची लाजही वाटते. हरिभाऊ आपट्यांच्या १८९० च्या सुमारास ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागलेल्या कादंबरीचे नाव ‘पण लक्षात कोण घेतो?’ असे होते. हरिभाऊंनी तो प्रश्न समाजाला विचारला होता. पण कोणत्याही लेखकाने तो स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असाच आहे.

पूर्वी लिहिणारी माणसे थोडी, म्हणून हे दुखणेही थोड्यांचेच होते. हल्ली तसे राहिलेले नाही. निवृत्त झालेले काका प्रवासवर्णने लिहितात, मामी पाककृती लिहितात, नोकरीनिमित्त परगावी गेलेली पुतणी तिथल्या गमतीजमती लिहिते. प्रत्येकाचे इंटरनेटवर एक छोटेसे घरचे संकेतस्थळ असते. छापखाना नको, संपादकांची मनधरणी नको आणि मुख्य म्हणजे ‘साभार परत’ नको! त्या संकेतस्थळाला जोडून एक मोजणीयंत्र मिळते, तेही बहुधा फुकट. रात्री जेवणे झाली की काका ते उघडून बसतात. आज इतके लोक आले, त्यातले इतके पुण्याचे, इतके मुंबईचे, दोघे अमेरिकेतले. अमुक पानावर इतकी मिनिटे थांबले. आकडा वाढलेला दिसला की काकांना झोप छान लागते.

हे यंत्र लेखकाला खरोखर काय सांगते आणि काय सांगत नाही, हे एकदा नीट पाहायला हवे.

नाक्यावरचा कारकून

पूर्वीच्या जकात नाक्यावरचा कारकून आठवा. गाडी आली की तो वहीत एक ओळ लिही. संकेतस्थळ ज्या यंत्रावर ठेवलेले असते त्या यंत्राचे, म्हणजे सर्व्हरचे, काम असेच चालते. कोणी पान मागितले की वहीत एक ओळ पडते. मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, किती वाजता आली, कोणते पान मागितले, पाहुणा कोणत्या दुव्यावरून इकडे वळला आणि त्याचे वाहन कोणते, म्हणजे मोबाइल की संगणक आणि त्यात कोणता ब्राउझर, अशा पाच-सहा गोष्टी त्या ओळीत असतात. नाव मात्र नसते. कारकून गाडी पाहतो. आत कोण बसले आहे ते त्याला दिसत नाही.

मग कालचीच गाडी आज पुन्हा आली हे ओळखायचे कसे? त्यावरचा तोडगा १९९४ मध्ये निघाला. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने ‘कुकी’ नावाची चिठ्ठी काढली. नाव बिस्किटाचे असले तरी ती खायची वस्तू नव्हे. पाहुण्याच्या खिशात संकेतस्थळ हळूच एक क्रमांकाची चिठ्ठी ठेवते आणि पुढच्या वेळी तो आला की ती पाहून त्याला ओळखते. दुकानात निवडलेल्या वस्तू पान बदलले तरी टोपलीत राहाव्यात, असा साधा हेतू तीमागे होता. पुढे त्याच चिठ्ठीचा उपयोग माणसाच्या पाळतीसाठी होऊ लागला. २००५ च्या नोव्हेंबरात गूगलने आपले ‘ॲनालिटिक्स’ हे मोजणीयंत्र फुकट खुले केले. मोठ्या कंपन्यांनी पैसे मोजून घ्यावयाची ही सोय घरबसल्या लिहिणाऱ्यालाही मिळाली. फुकटच्या वस्तूची किंमत कोणीतरी देत असतोच. इथे ती वाचक देतो, कारण त्याच्या येण्याजाण्याची नोंद लेखकाच्या हाती येण्याआधी कंपनीच्या हाती पडते.

वाड्याचा नंबर एक, बिऱ्हाडे वीस

या वहीतला पत्ता लोकांना फार खरा वाटतो. विश्रामबागेत राहून लिहिणाऱ्याला मात्र त्याची गंमत लवकर कळते. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये इथे आले. तेव्हापासून हा भाग विद्यार्थ्यांनी गजबजलेला आहे. वर्गात बसलेल्या मुलाने बाकाखाली मोबाइल धरून माझे पान उघडले, तर माझी वही खुशाल सांगते, ‘मुंबईहून एक वाचक’. कारण मोबाइल कंपनीची गाडी इंटरनेटच्या हमरस्त्याला जिथे लागते, तिथला पत्ता वहीत उमटतो. शिवाय पत्ते कमी आणि गिऱ्हाइके उदंड, म्हणून कंपन्या एकाच पत्त्याआड शेकडो गिऱ्हाइके बसवतात. वाड्याचा नंबर एक आणि आत बिऱ्हाडे वीस, असा हा प्रकार आहे.

डोकी मोजण्यातही तीच गत. यंत्र माणसे मोजत नाही, चिठ्ठ्या मोजते. आजोबा, सूनबाई आणि नातू घरातल्या एकाच संगणकावर वाचत असतील तर ते तिघे मिळून एक वाचक. उलट एखादा गृहस्थ सकाळी मोबाइलवर, दुपारी कचेरीतल्या संगणकावर आणि रात्री घरच्या संगणकावर तेच पान उघडील, तर तो एकटा तीन वाचक! त्याने मध्येच चिठ्ठ्या पुसून टाकल्या तर चौथा जन्माला येतो.

शून्य सेकंदांचा वाचक

मिनिटांचा हिशेब तर याहून मजेदार आहे. गूगलच्या जुन्या यंत्रात वेळ मोजण्याची रीत अशी होती: पहिले पान उघडल्याची वेळ आणि त्यानंतरचे पान उघडल्याची वेळ, यांतले अंतर म्हणजे पहिल्या पानावर घालवलेला काळ. आता अशा वाचकाची कल्पना करा, ज्याने तुमचा एकच लेख उघडला, पंधरा मिनिटे मन लावून वाचला, डोळे पुसले आणि यंत्र बंद करून तो खिडकीशी जाऊन बसला. त्याने दुसरे पान उघडलेच नाही. म्हणून त्याच्या नावापुढे काळ पडला शून्य, आणि ‘दारातून परत फिरलेला’ असा शेराही बसला. ज्या वाचकासाठी लेखकाने आयुष्यभर वाट पाहावी, तो या वहीत नापास!

ते यंत्र १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनासे झाले आणि त्याची जागा नव्या आवृत्तीने घेतली. तिच्या डोळ्यांत, दहा सेकंदांहून अधिक थांबला तो पाहुणा ‘रमलेला’. दहा सेकंदांत चांगला वाचकही पाच-सहा ओळींपलीकडे जात नाही. दुकानात शिरलेले गिऱ्हाईक लगेच बाहेर पडले की थबकले, एवढे व्यापाऱ्याला पुरते. ही यंत्रे मुळात त्याच्यासाठीच घडलेली आहेत. वाचन ही थबकण्यापुढची गोष्ट आहे.

पाहुणा कोणत्या शब्दांचा शोध घेत आला, हेही पूर्वी वहीत उमटत असे. ती नोंद सर्वांत बोलकी होती. ‘एकटेपणावर उपाय’ असे शब्द लिहून कोणी दारात यावे आणि लेखकाने ते वाचावे! गूगलने २०११ पासून हे शब्द झाकायला सुरुवात केली आणि २०१३ पर्यंत ते बहुतेक सारे झाकले गेले. आता एकूण गोळाबेरीज तेवढी कळते. लेखकांनी तेव्हा हळहळ व्यक्त केली. पण कोणाचे दुःख त्याला नकळत वाचण्याचा अधिकार लेखकाला कोणी दिला होता?

ॲशबर्नचे पाहुणे

हे सारे वाचून कोणी म्हणेल, ‘आकडे थोडे इकडचे तिकडे झाले तर बिघडले काय?’ काय बिघडते ते माझ्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांच्या उदाहरणावरून सांगतो.

हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. पत्नी वारल्यावर त्यांनी तिच्या आठवणी लिहायला घेतल्या. लग्नानंतरची दोन खोल्यांची जागा, पहिल्या पगाराची पैठणी, तिचे शेवटचे आजारपण, असे एकेक प्रकरण ते आपल्या संकेतस्थळावर ठेवीत. मुलगा अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात. बापलेकांचे बोलणे हवापाणी आणि प्रकृती यांपलीकडे जात नसे. आईचा विषय तर दोघेही टाळत. पण मोजणीयंत्रात रोज एक ओळ दिसे: ‘ॲशबर्न, व्हर्जिनिया’. रोज, न चुकता, कधी पहाटे तर कधी भरदुपारी. गृहस्थांनी ओळखले, हा आपला मुलगाच! तोंडाने बोलत नाही, पण वाचतो आहे. मग ते जणू त्याच्यासाठीच लिहू लागले. मुलाला जे कधी सांगितले नव्हते ते लिहिले. हे सारे महिनोन् महिने चालले.

एकदा त्यांनी ती ओळ कौतुकाने वालचंदमध्ये शिकणाऱ्या शेजारच्या मुलाला दाखवली. पोरगा हुशार, पण अजून जगाने शहाणा न केलेला. तो म्हणाला, “आजोबा, ॲशबर्नला माणसांपेक्षा यंत्रेच जास्त. सगळ्या जगाचे सर्व्हर तिथल्या कोठारांत ठेवलेले आहेत. हे बॉट असणार.”

त्या पोराचे म्हणणे खरे होते. ॲशबर्नचा परिसर जगातल्या सर्वांत मोठ्या संगणक-कोठारांपैकी एक आहे. जगभरची पाने आपोआप उघडून चाळणारे यंत्रांचे थवे, ज्यांना बॉट म्हणतात, ते तिथून निघतात. कोणी शोधयंत्राची यादी करायला येतो, कोणी मजकूर गोळा करायला, कोणी नुसताच कुलपे तपासायला. चांगली मोजणीयंत्रे ओळखीचे बॉट वगळतात. साधी यंत्रे त्यांनाही पाहुणे म्हणूनच मोजतात.

गृहस्थ दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला फोन केला आणि सरळ विचारले, “मी तुझ्या आईवर लिहितो आहे, ते तू पाहिलेस का?” मुलाने पाहिले नव्हते. बाबा काही लिहितात हेच त्याला माहीत नव्हते! तो म्हणाला, “तुम्हीच वाचून दाखवा ना.” त्या रात्री त्यांनी पैठणीचे प्रकरण फोनवर वाचून दाखवले. तेव्हापासून दर रविवारी वाचन असते. आकडे पाहणे त्यांनी सोडले आहे.

यंत्राने दिलेली माहिती खोटी नव्हती. ॲशबर्नहून रोज कोणीतरी येत होते, हे अक्षरशः खरे होते. पण त्या ओळीत बापाने मुलगा पाहिला. एक महिना आधी केला असता तो फोन या खोट्या सोबतीने लांबवला, हे खरे नुकसान.

जुना हिशेब

मग पूर्वीच्या लेखक-संपादकांना वाचक कसा कळत असे? आमच्याच सांगली जिल्ह्यातले उदाहरण घ्या. कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे घरगुती पत्रक निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली आणि महाराष्ट्रभर घरोघर गेली. त्या काळच्या मासिकांचे मोजणीयंत्र म्हणजे पोस्ट. वर्गणीदारांची यादी, व्ही. पी. सुटली की परत आली त्याची नोंद, आणि वाचकांची पत्रे. परत आलेली व्ही. पी. हा वाचकाचा सर्वांत स्पष्ट अभिप्राय असे.

या हिशेबातही दोष होताच, पण उलट्या बाजूचा. एक अंक एका घरी जाई आणि तिथून शेजारी, माहेरी, वाचनालयात असा फिरत राही. तुमच्या हातातला हा दिवाळी अंकसुद्धा पाडव्यापासून होळीपर्यंत किती हातांतून जाईल हे कोण सांगणार? जुना हिशेब वाचकांना लपवीत असे. नवा हिशेब नसलेले वाचक उभे करतो.

सांगलीचे नगर वाचनालय १८६९ सालचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी त्यात शिरले आणि हजारो पुस्तके गेली. वाचनालयाच्या पुस्तकांच्या मागे तारखांची एक पट्टी चिकटवलेली असते. माझ्या मते वाचनाची इतकी सभ्य नोंद दुसरी नाही. पुस्तक कधी कधी बाहेर गेले ते तीवरून कळते, कोणते पुस्तक दहा वर्षे हललेच नाही तेही कळते. पण कोणी नेले ते कळत नाही. फार तर सभासदाचा क्रमांक असतो. बाकी कोण काय वाचतो हे ग्रंथपालाला ठाऊक असते आणि त्याने ते पोटात ठेवायचे असते. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने १९३९ च्या आपल्या आचारसंहितेत हे कर्तव्य लिहूनच ठेवले.

घरच्या लेखकाचे कर्तव्य

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला. एखाद्याने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर तो कायदा त्याला लागू होत नाही. पण आपल्या घरी आलेल्या माणसाशी कसे वागावे हे कायद्याने सांगावे लागू नये.

माणसे मोजूनही अब्रू राखता येते, याचे चांगले उदाहरण मराठी विकिपीडियाचे आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशातला कोणता लेख कोणत्या दिवशी किती वेळा उघडला गेला, हे जुलै २०१५ पासूनच्या नोंदींतून कोणालाही पाहता येते. बॉटच्या फेऱ्या वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. मात्र कोणी उघडला हे कोणालाच दिसत नाही. ही आपली जुनी तारखांची पट्टीच झाली!

तेव्हा घरच्या घरी लिहिणाऱ्या काका-मामींना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मोजणीयंत्र ठेवायचेच असेल तर पाहुण्याच्या खिशात चिठ्ठी न ठेवणारे निवडावे. तशी यंत्रे मिळतात. पत्ते साठवू नयेत. महिन्याची बेरीज घ्यावी आणि बाकीची वही पुसून टाकावी. मोजणी ठेवली आहे हे संकेतस्थळावर साध्या मराठीत लिहावे. आणि आकडे रोज पाहू नयेत. रोज वजन करणाऱ्या माणसाचे जेवणावर लक्ष राहत नाही, तसे रोज आकडे पाहणाऱ्याचे लिहिण्यावर राहत नाही.

या शेवटच्या गोष्टीचा अनुभव मी माझ्या पानावर घेतो. संतवाङ्मयावर लिहिले तर वही सुस्त असते. दहावीच्या परीक्षेचे दिवस आले की ‘माझा आवडता ऋतू’ छापाच्या निबंधाच्या पानावर झुंबड उडते. आकड्यांचे ऐकायचे ठरवले तर मी उरलेले आयुष्य ऋतूंवर निबंध लिहिण्यात घालवावे! आकडे खोटे बोलत नाहीत. मुलांना निबंध हवा आहे हे खरेच आहे, आणि तो नीट लिहून ठेवणे हे माझे कामही आहे. पण तुकोबांवरचा लेख कोणा एकाने रात्री जागून वाचला असेल, तर त्याचे मोल त्या झुंबडीशी तोलता येत नाही. दोन्ही ओळी वहीत सारख्याच दिसतात, एवढाच काय तो वहीचा दोष.

वाचकांनाही एक विनंती आहे. चिठ्ठ्या टाळायच्या असतील तर ब्राउझरमध्ये त्या पुसण्याची सोय असते. ती घरातल्या मुलांकडून शिकून घ्यावी. ‘खाजगी खिडकी’ उघडली की आपण अदृश्य झालो, असे मात्र समजू नये. त्या खिडकीने चिठ्ठी टिकत नाही, पण पत्ता कारकुनाला दिसतोच. आणि एखाद्याचे लिहिणे मनाला लागले, तर तुमच्या सेकंदांवरून त्याने ते ओळखावे अशी वेळ त्याच्यावर आणू नये. दोन ओळी लिहाव्यात, खाली आपले नाव लिहावे. ती एक ओळ यंत्राने मोजलेली नसते. तुम्ही आपखुशीने दिलेली असते.